अक्षहृदय आणि पोकर

द्यूतात राज्य हरलेल्या नलाला ऋतुपर्णाकडून अक्षहृदय मिळाले ते विदर्भाच्या वाटेवर, बेहड्याच्या झाडापाशी. मोबदल्यात त्याने अश्वविद्या दिली. शेलूबाजारच्या आम्हा वैदर्भीयांना ही कथा म्हणूनच जवळची.

लहान पैजांचे ऑनलाइन पोकरही असेच अभ्यासाने सुधारत जाई. पहिल्या दोन पत्त्यांत जोडी येण्याची शक्यता सतरात एक. तेव्हा बहुतेक डाव मुकाट सोडायचे, प्रत्येक चुकीची नोंद ठेवायची. (चालकाची कपात मात्र कसबी खेळाडूलाही पोखरते.)

२०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना कौशल्य आणि नशीब हा भेदच मोडीत काढला. कर्जात बुडालेली घरे पाहता बंदी समजते. पण नलाचे दोन्ही डाव एकाच तराजूत तोलणे आम्हाला मान्य नाही.