स्टीयरिंग आमच्या पोराच्या हातात, कागद मालकाच्या कपाटात

उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याकडे धावू लागतात. ट्रॅक्टर कुणाचा, वाहतुकीचा करार कुणाचा, हे सगळ्या गावाला ठाऊक असते. स्टीयरिंगवर मात्र अनेकदा आमच्या वस्तीतला पोरगा असतो. अपघात झाला की पोलिसांपासून विमा कंपनीपर्यंत सगळे विचारतात, "ड्रायव्हरकडे लायसन होते का?" आम्ही विचारतो, लायसन नव्हते तर त्याला स्टीयरिंगवर बसवले कुणी?

कायद्याने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३ नुसार लायसनशिवाय वाहन चालवता येत नाही. पण लगेच पुढे कलम ५ आहे. बिगरलायसन माणसाच्या हाती वाहन देऊ नये, ही जबाबदारी ते मालकावर टाकते. ती मोडली तर कलम १८० नुसार मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ड्रायव्हरवरचे कलम १८१ सगळ्यांना पाठ आहे. कलम १८० ची आठवण मात्र कुणाला होत नाही. हा विसर भोळा नाही!

लायसन असलेल्या पोरालाही सोडत नाहीत. "तुझे लायसन ट्रॅक्टरचे, ट्रॉलीचे नाही," असे म्हणून त्याला घाबरवले जाते. मित्रांनो, हे खोटे आहे. रिकामे वजन ७,५०० किलोपेक्षा जास्त नसलेला ट्रॅक्टर कायद्याने हलके मोटार वाहन आहे. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून माल नेला म्हणून ट्रॅक्टरचे लायसन निकामी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली नागशेट्टी प्रकरणात सांगितले. ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या व्यावसायिक वाहनासाठी लायसनवर वेगळी नोंद लागत नाही, यावर ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शिक्कामोर्तब केले. हे निकाल आमच्या पोरांच्या खिशात असले पाहिजेत.

मग आमची पोरे बिगरलायसन का राहिली? २०१९ पर्यंत व्यावसायिक वाहनाच्या लायसनला आठवी पासची अट होती. ज्यांची शाळा आईबापांच्या ऊसतोडीत सुटली, त्यांनाच ही अट आडवी आली. अट गेली, पण एजंटाचे पैसे आणि बुडणारी मजुरी हे अडसर उरलेच. मालकाला त्याचे दुःख नाही. लायसन नसलेला पोरगा भीतीपोटी कमी पगारात राबतो, हे त्याला पक्के माहीत आहे.

सगळ्यात वाईट गत ट्रॉलीत बसवून नेल्या जाणाऱ्या ऊसतोड मजुरांची. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. मजूर हा फुकटा प्रवासी नव्हे, तो कामाला निघालेला माणूस आहे. तरीही हे सिद्ध करत कोर्टाच्या पायऱ्या त्याच्या विधवेने झिजवायच्या!

काही कार्यकर्ते म्हणतात, "एवढे मोठे प्रश्न असताना लायसनचे काय घेऊन बसलात?" त्यांना आम्ही आठवण देतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्याच काळात कारखाना कामगारांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तेही कलमातल्या दुरुस्तीनेच झाले. हक्क कलमात लिहिलेला असतो. तो वाचणारा माणूस वस्तीत हवा.

म्हणून तरुणांनो, हंगामाआधी एवढे करा. वस्तीत लायसनसाठी शिबिर घ्या, अर्ज स्वतः भरा, एजंट टाळा. चावी हातात घेण्याआधी ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींची नोंदणी व विमा पाहा, त्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पगार लेखी ठरवून घ्या. जादा भार भरायला सांगितला तर नकार द्या. चालवणाऱ्याबरोबर चालवायला लावणाराही कलम १९४ खाली दोषी आहे. आणि अपघात झालाच, तर फिर्यादीत मालकाचे नाव व कलम १८० आले की नाही हे बघायला दहा जण मिळून ठाण्यात जा.

लायसन काढणे आमचे काम आहे, ते आम्ही करू. पण ट्रॅक्टरचा नफा मालकाचा आणि गुन्हा मजुराचा, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

जय भीम!