टोपणनावाच्या पलीकडे

‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली निघाले, तेव्हा पुस्तकापेक्षा विभावरी शिरूरकर कोण, याचीच चर्चा अधिक झाली. त्या मालतीबाई बेडेकर, हे कळले आणि आमची जिज्ञासा निमाली! प्रौढ कुमारिकांची दुःखे मांडणारी लेखिका, एवढी चिठ्ठी चिकटवून आपण मोकळे झालो. मला विचाराल, तर त्यांची खरी थोरवी १९५० च्या ‘बळी’त आहे. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचे, तारेच्या कुंपणाआडचे जिणे त्यात आहे. मग तिचा गवगवा का नाही? लेखिकेने उंबरठ्याच्या आतलेच दुःख सांगावे, हा आपला छुपा दंडक! वाचकहो, जावयाच्या दिवाळसणाच्या आहेरात यंदा ‘बळी’ ठेवा. लेखिकेचे पुस्तक केवळ लेकीसुनांसाठी नसते.