साचा एक, दिशा दोन



आमच्या राणीसावरगावात कुणाच्याही घरची जुनी ट्रंक उघडा. तळाशी एखादा उर्दूतला दस्तऐवज निघतोच. 1948 पर्यंत परभणीचा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि कारभार उर्दूत चाले. त्या राज्याच्या जुन्या टपाल तिकिटावर उर्दू, मराठी, तेलुगू आणि इंग्रजी अशा चार लिप्या नखाएवढ्या जागेत बसवल्या होत्या. गेल्या वर्षी आम्हाला फक्त दोन लिप्या एका पानावर बसवायच्या होत्या, तरी घाम फुटला.

झाले असे की, ओळखीच्या एका शाळेचे संकेतस्थळ करून देण्याचे काम आमच्या गळ्यात पडले. मास्तर उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतात, संगणकही उघडतात, तेव्हा हेच करतील, असा सगळ्यांचा हिशेब! आम्ही जूमला घेतले. फुकट मिळते आणि नावही आपले वाटते. 2005 मध्ये हे नाव ठेवले गेले ते स्वाहिलीतल्या ‘जुमला’वरून. अर्थ, सगळे मिळून. मूळ अरबी. आपण उर्दूच्या तासाला ‘जुमला बनाओ’ म्हणतो, तोच हा जुमला.

यात पानाची रचना तीन थरांत असते. मजकूर वेगळा. सूचना, मेनू, सुट्ट्यांची यादी असे छोटे ठोकळे वेगळे, त्यांना मॉड्यूल म्हणतात. आणि हे ठोकळे कुठे, कसे दिसतील ते ठरवणारा साचा वेगळा, तो टेम्प्लेट. घराच्या भाषेत सांगायचे तर सामान तेच. कपाट कोणत्या भिंतीला लावायचे, ते घर ठरवते. आम्ही दोन साचे ठेवले. मराठी पानांसाठी एक, उर्दू पानांसाठी दुसरा. कारण उर्दू उजवीकडून डावीकडे जाते आणि नस्तालीक लिपीत अक्षरे तिरपी उतरतात, ओळीला उंची जास्त लागते. मराठीच्या ओळींइतकेच अंतर ठेवले तर नुक्ते वरच्या ओळीत घुसतात.

पहिली चूक लगेच केली. सूचनांच्या मॉड्यूलमध्ये ‘अंतिम तारीख’ दिसावी म्हणून आम्ही त्याची मूळ फाइलच उघडून तीत एक ओळ घातली. काम झाले, आम्ही खूश. महिनाभराने जूमला अद्ययावत केले आणि आमची ओळ गायब! मूळ फाइल नवी आली की जुनीवर केलेले सगळे पुसले जाते. ज्याला हे काम करायचे आहे, त्याने एवढे लक्षात ठेवावे : मूळ फाइलला हात लावू नये. तिची प्रत आपल्या साच्याच्या ‘एचटीएमएल’ नावाच्या फोल्डरमध्ये मॉड्यूलच्याच नावाने ठेवावी आणि बदल त्या प्रतीत करावेत. जूमला आधी ती प्रत शोधते. नसेल तरच मूळ वापरते. याला ओव्हरराइड म्हणतात. हाताने प्रत करायची नसेल, तर व्यवस्थापनाच्या पानावर साचा उघडून ‘क्रिएट ओव्हरराइड्स’ दाबले की काम होते. पण ही प्रत त्या एकाच साच्यापुरती असते. साचा बदलला की सजावट मागे राहते. म्हणून दोन साचे, तर दोन प्रती.

दुसरी चूक मात्र अशी होती की, ती आठवली की अजून झोप उडते.

मराठी साच्यातली प्रत आम्ही जशीच्या तशी उर्दू साच्यात टाकली. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख होती 7 ऑगस्ट. मराठी पानावर 07-08 असे नीट दिसत होते. जुलै संपत आला असताना सातवीतल्या एका मुलीला आम्ही सहज विचारले, अर्ज भरलास का? ती म्हणाली, “सर, अम्मी म्हणाली, तारीख तर निघून गेली.” तिची अम्मी उर्दू शाळेत शिकलेली, ती उर्दू पानच वाचते. आम्ही मोबाइल मागवून पाहिला. उर्दू पानावर लिहिले होते : आखिरी तारीख 08-07. म्हणजे 8 जुलै!

रात्री बसून कारण शोधले. उर्दू अक्षरांच्या मागोमाग आकडे आले आणि मध्ये आडवी रेघ असली, की संगणक एकेक आकडा डावीकडून लिहितो, पण रेघेच्या दोन बाजूंचा क्रम उजवीकडून लावतो. त्यामुळे दिवसाच्या जागी महिना जाऊन बसतो. तिरपी रेघ असती तर असे झाले नसते. संगणक नियमानेच चालला होता. आम्हीच उर्दू पान एकदाही उर्दू वाचणाऱ्याच्या नजरेने वाचले नव्हते. रंग पाहिला, चौकट पाहिली आणि पुढे गेलो.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. उर्दूच्या प्रतीत तारीख ‘7 अगस्त’ अशी, महिना अक्षरात लिहून दाखवायची. मराठीतही तसेच केले. दुसऱ्या दिवशी सकाळी पालकांना एकेक करून फोन लावले. आणखी दोन घरांत हाच गैरसमज निघाला. तिन्ही मुलींचे अर्ज वेळेत गेले, अल्हम्दुलिल्लाह. सहज विचारले नसते तर?

तेव्हापासून आम्ही एक रीत पाडली आहे. उर्दू पानावर काहीही नवे चढवले की आधी त्या मुलीच्या अम्मीला दाखवतो. त्यांना साचा, मॉड्यूल काही कळत नाही. त्या मोठ्याने वाचतात, आम्ही ऐकतो. परवा म्हणाल्या, “मास्तर, ओळी अजून जरा सुट्या करा, चष्म्यालाही दिसत नाही.”

केल्या.