माहितीचे पेव नको, कोठार हवे

तुमच्यापैकी अनेकांनी मोबाईलवरून पिकाची नोंद केली असेल. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पुढे २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्राने २,८१७ कोटी रुपयांचे डिजिटल कृषी मिशन मंजूर केले. शेतकरी, गावनकाशे आणि पेरलेली पिके अशा तीन नोंदवह्या त्यात आहेत. चांगलीच गोष्ट आहे. पण एवढी माहिती ठेवायची कशी, यावर गावात कुणी बोलत नाही. बोलायला हवे. कारण भरपाई, विमा, कर्ज यांचा निर्णय दिवसेंदिवस याच नोंदींवर येऊन ठेपणार आहे.

पसारा केवढा ते पाहा. २०१५-१६ च्या कृषी गणनेत राज्यात दीड कोटीहून अधिक वहिती खाती मोजली गेली. एका खात्याच्या हंगामाला दोनच नोंदी धरल्या, तरी तीन कोटी ओळी झाल्या. खरीप-रब्बी मिळून वर्षाला सहा कोटी, दहा वर्षांत साठ कोटी! हा आपला ढोबळ हिशेब.

पूर्वी पेवात ज्वारी ओतत. ओतायला सोपे, पण तळाची जुनी ज्वारी हवी म्हटली की अख्खे पेव उपसा. माहितीचेही तसेच. ‘डेटा वेअरहाउस’ म्हणजे नुसता मोठा संगणक नव्हे, ते नीट लावलेले कोठार आहे. वर्ष, हंगाम, जिल्हा अशा थप्प्या लावल्या, तर २०२२ च्या खरिपाचा आकडा काढताना बाकीच्या थप्प्यांना हात लावावा लागत नाही. असे कोठार बांधण्याआधी माझ्या मते तीन गोष्टी पक्क्या व्हाव्यात.

पहिली, सर्वांत लहान नोंद कोणती? सोयाबीनमध्ये तुरीचे तास असतात. गटाला एकच पीक धरले, तर कागदावर तूर पेरलीच गेली नाही! म्हणून नोंद हवी ती गटातल्या प्रत्येक पिकाची, प्रत्येक हंगामाची. सुट्या नोंदींची बेरीज केव्हाही होते; पण पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत.

दुसरी, नावावर नको, क्रमांकावर भिस्त हवी. पिंपळगाव आणि वडगाव किती आहेत, मोजून दमाल. कुणी हरभरा लिहितो, कुणी चणा. मधे पीकनोंदींची एक लांब वही आणि भोवती गाव, खातेदार, पीक, हंगाम यांच्या छोट्या वह्या. सगळ्या क्रमांकाने जोडलेल्या. जाणकार हीच मांडणी सोयीची मानतात.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, जुनी नोंद पुसायची नाही. हे आपल्याला नवीन नाही. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस होतो, फेरफाराचा क्रमांक पडतो; नाव खोडून टाकत नाहीत. माहिती-कोठाराचे जाणकार बिल इनमन यांनीही हेच लक्षण सांगितले: नोंदीला काळ चिकटलेला हवा आणि आत आलेली नोंद बदलू नये. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. गावांपुढचे ‘ठाणे’ खोडून नुसते ‘पालघर’ लिहिले, तर २०१२ सालचे ठाण्याचे भातक्षेत्र बसल्या जागी घटेल. प्रत्यक्षात एक वाफाही कमी झालेला नसेल. म्हणून जुने-नवे दोन्ही ठेवा आणि कोणते कधीपासून कधीपर्यंत, तेही लिहा.

कुणी म्हणेल, एवढे जपायला पैसा लागतो. लागतो. पण साठवणुकीची जागा विकत मिळते, गेल्या खरिपाची पाहणी विकत मिळत नाही. पीक निघाले, रान नांगरले, की नोंद हाच पुरावा. ती दुरुस्तीच्या नावाखाली परस्पर बदलली, तर शेतकऱ्याने दाद मागायची कशाच्या आधारावर?

तेव्हा यंत्रांच्या खरेदीआधी नोंदींचे हे नियम मराठीत जाहीर व्हावेत. आपली नोंद कुणी, कोणत्या तारखेला बदलली आणि आधी काय होती, हे खातेदाराला दिसलेच पाहिजे. येत्या ग्रामसभेत हा प्रश्न विचारा. आधी कळस मग पाया, असे इथे होऊन चालणार नाही.