आधी नियमांची परीक्षा

८ − ३ − २ याचे उत्तर किती? आपण चटकन ३ म्हणतो. पण कोणी ३ मधून २ आधी वजा केले, तर ८ − १ म्हणजे ७ उरतात. वजाबाकी डावीकडून करायची, हा संकेत आपल्या अंगवळणी पडला आहे. संगणकाला मात्र तो सांगावाच लागतो.

आपण लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर आधी तिच्यातील वाक्यांची रचना उलगडतो. हे काम करणाऱ्या भागास पार्सर म्हणतात. त्याची एक रीत तळाकडून वर जाण्याची आहे. पार्सर डावीकडून एकेक चिन्ह उचलून रचत जातो आणि रचलेली चिन्हे एखाद्या नियमात बसली की त्यांच्या जागी एकच नाव ठेवतो. समजा, त्याला दोन नियम दिले : ‘अंक ही राशी होय’ आणि ‘राशी वजा राशी ही राशी होय’. ८ − ३ वाचून झाले, पुढे पुन्हा वजाचे चिन्ह दिसले. आता जमलेल्याची एक राशी करावी, की पुढचे चिन्ह उचलावे? नियमांत दोन्हींना मुभा आहे. हाच पेच! दुसरा नियम ‘राशी वजा अंक ही राशी होय’ असा बदलला की पेच सुटतो.

पुढची किती चिन्हे पाहायची हे ठरवले, तर असा पेच येईल की नाही हे एकही वाक्य न वाचता, केवळ नियमांवरून तपासता येते. अमेरिकन संशोधक डोनाल्ड क्नुथ यांनी १९६५ साली हे दाखवून दिले. पुढे बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी तयार केलेली ‘याक’ ही आज्ञावली अशी तपासणी करते. पेच सापडला तर ती इशारा देते, पण थांबत नाही. वेगळी सूचना नसेल तर पुढचे चिन्ह उचलते. आपल्या उदाहरणात उत्तर येईल ७!

‘८ − ३ तर बरोबर सुटले’ म्हणून या इशाऱ्याकडे काणाडोळा करणे मला घातक वाटते. दोष दुसऱ्या वजाच्या चिन्हापाशी दडला आहे. दहा उदाहरणे सुटली म्हणून नियम निर्दोष ठरत नाही.

भौतिकशास्त्रात आपण समीकरणाच्या मिती तपासतो. मिती जुळल्या नाहीत तर समीकरण नक्की चूक. जुळल्या तर बरोबर असेलच असे नाही. इथे उलट आहे. व्याकरण या परीक्षेत उतरले तर त्यात द्व्यर्थ नाही याची हमी मिळते. न उतरले तर ते द्व्यर्थी असेलच असे नाही. कोणत्याही व्याकरणातील द्व्यर्थ हमखास ओळखणारी सार्वत्रिक रीत असूच शकत नाही, हे गणिताने सिद्ध झाले आहे. म्हणून जी हमी मिळू शकते ती सोडू नये.

शिक्षकांना एक विनंती. विद्यार्थ्याचे उत्तर ७ आले, तर लाल रेघ ओढण्यापूर्वी त्याला विचारावे, ‘तू कोणता नियम लावलास?’ कदाचित नियम सांगायचा आपणच विसरलो असू.