परीक्षेत न येणारे पुस्तक

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, महाराष्ट्रातल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. २०१५ पासूनचा हा शिरस्ता. मुले पुस्तक हातात धरतात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी बहुतेक ठिकाणी पुस्तके पुन्हा कपाटात आणि कपाटाला कुलूप. मग आपणच म्हणतो, आजकालची पोरे वाचत नाहीत, मोबाइलने बिघडवली.

सॉफ्टवेअरवर माझे पोट चालते, म्हणून मोबाइलची बाजू थोडी ठाऊक आहे. मोबाइल व्हिडिओ दाखवतो, पण ‘यातून काय बोध घेतलास?’ असे विचारत नाही. कंटाळा आला तर पुढे सरकू देतो. पुस्तकाबाबत हे दोन्ही हक्क आपण विद्यार्थ्याला दिलेले नाहीत. धड्याखाली स्वाध्याय असतोच. गोष्ट संपली की तात्पर्य सांगावे लागते. पुस्तक अर्धे सोडले तर बोलणी खावी लागतात. दहा वर्षे असे वाचल्यावर पुस्तक दिसताच प्रश्नपत्रिका आठवली, तर नवल काय?

गोष्टीची भूक मात्र आटलेली नाही. भंडारा जिल्ह्यात तर नाहीच. धानाची कापणी-मळणी उरकली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. कडाक्याच्या थंडीत म्हातारी माणसे आणि लेकरे रात्रभर मंडपात बसतात. पहाटे कोणी त्यांना नायकाचे स्वभावचित्रण करायला लावत नाही.

तुमसर तालुक्यातले आंबागड घ्या. तिथला किल्ला १७०० च्या सुमारास राजा खान पठाण याने बांधला असे सांगतात. तो देवगडच्या बख्त बुलंद शाहाचा सुभेदार. बख्त बुलंद हा गोंड राजा, आणि त्याने इस्लाम स्वीकारलेला. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. गोंड राजा, पठाण सुभेदार, मराठा सत्ता, सगळे एकाच डोंगरावर! आंबागडच्या मुलाला यातून शंभर प्रश्न पडू शकतात. पण ‘हे परीक्षेत येणार नाही’ असे एकदा ऐकले की प्रश्न तिथेच विझतो. आवडीचे वाचन सुरू होते ते अशाच स्वतःला पडलेल्या प्रश्नापासून.

आपल्या मोहल्ल्यात आणखी एक अडचण आहे. मुलगा घरी हिंदी-उर्दू बोलतो, मित्रांत झाडीबोली, आणि पुस्तक उघडले की पुण्याची मराठी. त्या पुस्तकात त्याचे घर क्वचितच भेटते. तशी पुस्तके नाहीत असे नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. हमीद दलवाईंची ‘इंधन’ कादंबरी १९६५ ची. १९९० साली यू. म. पठाण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. ही नावे आपल्यातल्या किती पदवीधरांना माहीत आहेत?

गुणवंतांच्या सत्कारात वक्ते आवर्जून सांगतात की कुरआनातला सर्वांत आधी उतरलेला शब्द ‘इक्रा’, म्हणजे वाच. पुढच्याच वाक्यात त्याचा अर्थ नीट, एमपीएससी आणि पोलीस भरती असा होतो. नोकरी हवीच, घरची तंगी आपल्याला माहीत आहे. पण ‘कोर्स की किताब छोड़के ये क्या पढ़ रहा?’ असे म्हणत आपण इक्राला क्लासच्या जाहिरातीत बसवले. विचारले तेवढेच वाचणारा पुढे विचारले तेवढेच बोलतो. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर तपासावा असे त्याला वाटत नाही, आणि आपल्याबद्दल कोणी खोटे लिहिले तर उत्तर देण्याइतके शब्द त्याच्याजवळ नसतात.

म्हणून प्रत्येक मोहल्ल्यात एक फळी हवी: मशिदीच्या ओट्यावर, मदरशात, नाहीतर किराणा दुकानात. पन्नास पुस्तके पुरेत. मराठी, उर्दू, हिंदी; रहस्यकथा, विनोद, चित्रकथा, सगळे चालेल. नियम तीनच. वाचून झाल्यावर प्रश्न नाहीत. पुस्तक अर्धे सोडायची मुभा. आणि मुलींसाठी पुस्तक घरपोच, कारण दहावीनंतर ज्यांचे बाहेर पडणे कमी होते त्यांना त्याची गरज सर्वांत जास्त आहे.

अभ्यासिका आपण वर्गणी काढून उभ्या केल्या. ही फळी तर त्याहून कितीतरी स्वस्त आहे.