युकातानच्या पोटातले पाणी

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या सुट्टीच्या बेतात कॅनकूनचे नाव हमखास निघते. समुद्रकिनारा, एक दिवस चिचेन इत्साचा पिरॅमिड, एखाद्या सेनोतेत, म्हणजे चुनखडकातल्या नैसर्गिक पाणकुंडात डुबकी, की मेक्सिको झाले. हरकत काहीच नाही. पण या तिन्हींना जोडणारे पाणी मात्र पाहायचे राहून जाते.

ही ठिकाणे ज्या युकातान द्वीपकल्पावर आहेत, त्याच्या उत्तर भागात जमिनीवर नदी नाही. पाऊस चुनखडकातून थेट खाली मुरतो आणि गुहांमधून समुद्राकडे वाहतो. गुहेचे छत कोसळले की सेनोते उघडी पडते. माया नगरे या पाण्याच्या भरवशावर वसली. त्यांपैकी उश्मलच्या टेकड्यांत तर तेही हाती लागत नव्हते, इतके पाणी खोल. तिथल्या लोकांनी खडकात अरुंद तोंडाची, पोटात फुगीर टाकी खोदली, आतून गिलावा केला आणि अंगणाचा उतार तोंडाकडे ठेवला. इमारतींवर पर्जन्यदेव चाकचे लांब नाकाचे मुखवटे का दिसतात, हे ती टाकी पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

सेनोतेत उतरण्याआधी अंगावरचे क्रीम धुऊन या, असे बजावले जाते. नियम योग्यच. पण 1970च्या दशकात सरकारने आखून वसवलेल्या कॅनकूनपासून तुलुमपर्यंत जी हॉटेले उभी राहिली, त्यांचे सांडपाणी नीट शुद्ध झाले नाही तर त्याच खडकात मुरते आणि पुढे प्रवाळापर्यंत जाते. त्यात 2023च्या डिसेंबरात माया रेल्वे धावू लागली. सुमारे 1,500 किलोमीटरच्या या मार्गाच्या एका टप्प्यात गुहांची छते भेदून पोलादी खांब रोवले आहेत. किनाऱ्यावरचा पैसा आतल्या गावांत जावा, हा सरकारचा युक्तिवाद पोकळ नाही. पोकळ आहे ती जमीन.

आणि माया लोक ‘नाहीसे झाले’ हेही खरे नाही. 2020च्या जनगणनेत मेक्सिकोत युकातानी माया बोलणारे पावणेआठ लाखांच्या आसपास होते. ओमून या माया गावात सेनोते दाखवणे हा गावकऱ्यांचा रोजगार आहे. तिथे 49 हजार डुकरांचा वराहपालन प्रकल्प आला, तेव्हा पाणी नासेल म्हणून गाव न्यायालयात गेले. दावा गावातल्या मुलांच्या नावाने होता. 2018 मध्ये न्यायालयाने प्रकल्पाला स्थगिती दिली.